रविवारचा मोफत चित्रवर्ग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या तालमीच्या वरच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी ९ ते १२ किशोरवयीन मुलामुलींचा चित्रकलेचा वर्ग भरतो. पालक फोनवर विचारतात, मुलं चिठ्ठीवर लिहून देतात, काही जण जिन्यात गाठून विचारतात. तेच तेच प्रश्न परत येतात म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत. एका उत्तरात दुसऱ्याचा धागा आला की तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वर्ग खरंच मोफत आहे का? पुढे साहित्याचे, परीक्षेचे, प्रमाणपत्राचे पैसे लागतात का?

हो, मोफत आहे. आम्ही पुढेही पैसे घेत नाही (सरकारी परीक्षेच्या शुल्काबद्दल प्रश्न ७ बघा). प्रवेश फी नाही, महिन्याची फी नाही आणि प्रमाणपत्र आम्ही देतच नाही. कागद, पेन्सिली, रंग, ब्रश सगळं हॉलमधल्या कपाटात असतं.

पहिल्या वर्षी आम्ही महिन्याला ५० रुपये ठेवले होते. काहीतरी द्यावं लागलं की मुलं नियमित येतात, असं मला अनुभवी लोकांनी सांगितलं होतं आणि मलाही ते पटलं होतं. तिसऱ्या महिन्यात एक मुलगा यायचा बंद झाला. हात चांगला होता, बाजार बघून आला की हातगाडीची चाकंसुद्धा आठवणीने बरोबर काढायचा. महिनाभराने रस्त्यात भेटला तेव्हा कळलं की घरी ५० रुपये मागायला तो कचरत होता आणि आम्हाला तसं सांगायलाही लाजत होता. तो परत आला नाही. त्या दिवसापासून आम्ही फी पूर्ण बंद केली. या वयात पैशावाचून अडलेलं मूल तोंड उघडत नाही, फक्त दिसेनासं होतं. नाममात्र फी ही त्याच्यासाठी नाममात्र नसते.

२. मग खर्च कोण करतं? आम्हाला मदत करायची असेल तर?

हॉल तालमीचा आहे, भाडं घेत नाहीत. शिकवणारे आम्ही चौघं आहोत: दोन निवृत्त कलाशिक्षक, एक साइन पेंटर, एक कला महाविद्यालयातली विद्यार्थिनी. कोणी मानधन घेत नाही. राहिला कागद आणि रंग.

रोख रक्कम आम्ही घेत नाही, वस्तू घेतो. सर्वांत जास्त लागतो कार्ट्रिज कागद, म्हणजे चित्रकलेचा जाड कागद. एक पूर्ण इम्पिरियल कागद साधारण २२ बाय ३० इंचांचा असतो, त्याचे चार पाव कागद होतात. त्यामुळे एक दस्ता दिलात तरी बरेच रविवार निघतात. छापखान्यातली एका बाजूने कोरी रद्दी सरावासाठी सोन्यासारखी आहे. घरात पडलेली अर्धी वापरलेली रंगपेटी द्या, पण वाळून दगड झालेले रंग देऊ नका. दात्याचं नाव वर्गात लावत नाही, मुलांना दात्यासोबत फोटोला उभं करत नाही. ही अट काहींना खटकते, पण ती तशीच राहणार.

३. वय किती लागतं? शाळेत नसलेलं मूल चालेल का?

१३ ते १९. यापेक्षा लहानांसाठी शहरात छंदवर्ग आहेत, मोठ्यांसाठीही आहेत. मधल्या वयाला मात्र कोणी विचारत नाही. सातवीपर्यंत भिंती रंगवणारं मूल आठवीत शिकवणी लागली की वही मिटून ठेवतं. आमचा वर्ग त्या मिटलेल्या वहीसाठी आहे.

शाळा सोडलेली, रात्रशाळेत जाणारी, दुकानात कामाला असलेली मुलं येतात. दाखला, आधार, जातीचं प्रमाणपत्र, मार्कलिस्ट काहीच मागत नाही. १८ खालच्यांसाठी पालकांचा एक फोन क्रमांक आणि एकदा येऊन केलेली सही एवढंच लागतं. शहराबाहेरची, करवीर तालुक्यातल्या गावांतून एसटीने येणारी मुलंही आहेत.

४. मला अजिबात चित्र काढता येत नाही. सरळ रेघही येत नाही. आलो तर चालेल का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे.

सरळ रेघ पट्टीने मारता येते. चित्राला लागते ती नजर, आणि ती शिकवता येते. पहिल्या रविवारी आम्ही समोर एक स्टीलचा तांब्या ठेवतो आणि तो काढायला सांगतो. जवळपास प्रत्येक जण तांब्याचं तोंड पूर्ण गोल काढतो आणि बूड सपाट आडव्या रेघेने काढतो. तोंड गोल आहे हे त्याला माहीत असतं आणि तांब्या जमिनीवर बसलाय हेही माहीत असतं. तो माहितीवरून काढतो, पाहून काढत नाही. मग तांब्या डोळ्यांच्या पातळीवर उचलून धरतो तेव्हा तोंड रेघेइतकं चपटं होतं. हळूहळू खाली आणला की ते लंबगोल होत जातं, आणि बूड तोंडापेक्षा जास्त गोलाकार दिसतं, कारण ते नजरेपासून अधिक खाली असतं. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की बादली, कप, देगची, विहीर, बैलगाडीचं चाक सगळंच सुटायला लागतं. याला एक सकाळ लागते.

दुसरी गोष्ट मापाची. हात ताठ ठेवून पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा आणि अंगठ्याने माप घ्यायचं: तांब्याच्या उंचीत त्याची रुंदी किती वेळा बसते? कोपर वाकलं की माप चुकतं. तिसऱ्या-चौथ्या रविवारपर्यंत ‘मला येत नाही’ म्हणणारी मुलं शेजाऱ्याच्या कागदातली चूक दाखवायला लागतात. नजर तयार होत असल्याची ती खूण आहे.

तेव्हा या. चित्र येत असेल तरच या, असं आम्ही कधीही म्हटलेलं नाही. निवड चाचणी नाही.

५. येताना काय आणायचं?

पाण्यासाठी एक जुना डबा आणि हात पुसायला जुना सुती फडका. जुने कपडे घाला, पोस्टर कलर शाळेच्या शर्टावरून जात नाही.

घरी सरावाला घ्यायचंच असेल तर एचबी, २बी आणि ४बी अशा तीन पेन्सिली, एक मऊ खोडरबर, ४ आणि ८ नंबरचे गोल ब्रश पुरे. महागडा रंगसंच भेट देऊ नका. चोवीस रंग हातात आले की मूल मिसळायला शिकत नाही. लाल, पिवळा, निळा, पांढरा आणि काळा या पाच बाटल्यांत वर्ष निघतं.

६. वर्षभर नेमकं काय शिकवता?

जून ते सप्टेंबर वस्तुचित्र (समोरची वस्तू पाहून), स्मरणचित्र (आठवणीतलं दृश्य), संकल्पचित्र (नक्षीची रचना), थोडी भूमिती आणि अक्षरलेखन. हा भाग शासकीय ग्रेड परीक्षेशी जुळतो (प्रश्न ७). परीक्षेला न बसणारी मुलंही तो करतात, कारण पाया तोच आहे.

दिवाळीनंतर बाहेर पडतो. पंचगंगेचा घाट, रंकाळ्याकाठचा संध्यामठ, भवानी मंडप, खासबाग मैदानाच्या पायऱ्या, मंडईतल्या भाजीवाल्या. संध्यामठाशी मुलांना मुद्दाम नेतो. चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयातून शिकून कोल्हापुरात परतले, शाहू महाराजांचा आश्रय मिळाला, आणि इथल्याच पाण्याची, झाडांची, उन्हाची निसर्गचित्रं ते आयुष्यभर काढत राहिले. १९३१ साली ते गेले. टाऊन हॉलच्या संग्रहालयात त्यांची चित्रं आहेत. आधी चित्र बघायचं आणि मग त्या जागी उभं राहायचं, किंवा उलट. दोन्हीत मुलं गप्प होतात आणि बघायला लागतात.

उन्हाळ्यात माणसं. एक मूल दहा मिनिटं बसतं, बाकीचे काढतात, मग पाळी बदलते. सगळे अंगभर कपड्यांत असतात. हा प्रश्न काही पालकांनी दबक्या आवाजात विचारला होता म्हणून लिहिलं.

७. एलिमेंटरी, इंटरमिजिएट म्हणजे काय? तुमच्याकडून बसता येतं का?

राज्याच्या कला संचालनालयाच्या या शासकीय रेखाकला परीक्षा, यांनाच ग्रेड परीक्षा म्हणतात. आधी एलिमेंटरी, ती झाली की इंटरमिजिएट. प्रत्येकीचे पेपर दोन दिवस चालतात. एलिमेंटरीला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कर्तव्यभूमिती (कंपास-पट्टीने काढायच्या आकृत्या) व अक्षरलेखन असे विषय असतात. इंटरमिजिएटला वस्तुचित्राच्या जागी स्थिरचित्र येतं, म्हणजे कापड, भांडं, फळं यांची रचना रंगात, आणि भूमितीत घनभूमितीची भर पडते.

अर्ज शाळेतून भरायचा असतो, आमच्याकडून नाही. आम्ही फक्त तयारी करून घेतो. शाळेत कलाशिक्षक नसेल तर मुख्याध्यापकांना भेटा, जवळच्या केंद्राची माहिती त्यांच्याकडे असते. परीक्षेचं शुल्क भरणं अवघड असेल तर कानावर घाला, वर्गासमोर विषय निघणार नाही.

मुलं दोन ठिकाणी घसरतात. एक स्मरणचित्र: ‘बसथांब्यावरील दृश्य’ म्हटलं की सगळी माणसं एका रांगेत, एका उंचीची, आपल्याकडे तोंड करून उभी. त्यावर एकच उपाय आहे, बसथांब्यावर जाऊन अर्धा तास बसणं. दुसरी भूमिती: चित्रात रमणारं मूल कंपास हातात घ्यायला कंटाळतं आणि तिथे हक्काचे गुण जातात. पेन्सिलीला बारीक टोक, कंपासचा स्क्रू घट्ट, गुण्या स्वच्छ पुसलेला. एवढं सांभाळलं तरी पुष्कळ फरक पडतो.

८. दहावीला याचे किती गुण वाढतात?

राज्य मंडळाच्या दहावीच्या विद्यार्थ्याला इंटरमिजिएटमध्ये अ श्रेणी असेल तर ७, ब असेल तर ५, क असेल तर ३ वाढीव गुण मिळतात. त्यासाठी शाळेने मुदतीत मंडळाकडे प्रस्ताव पाठवावा लागतो. श्रेणी मिळाली पण प्रस्तावच गेला नाही, असं झालेलं मी पाहिलं आहे, म्हणून दहावीच्या सुरुवातीलाच प्रमाणपत्राची प्रत वर्गशिक्षकांच्या हातात द्या. गुणांचे नियम याआधी बदलले आहेत. त्या त्या वर्षीचं परिपत्रक शाळेत बघून घ्या.

दुसऱ्या बोर्डात शिकणाऱ्यांना हे गुण लागू होत नाहीत. आणि दहावीत आल्यावर पहिल्यांदा चौकशी करणाऱ्यांसाठी वाईट बातमी: एलिमेंटरी झालेली नसेल तर त्या वर्षी गुण मिळवण्याची वाट उरत नाही. आठवीत एलिमेंटरी आणि नववीत इंटरमिजिएट, असा क्रम धरा.

७ गुणांसाठी कोणी येत असेल तर हरकत नाही. कशासाठी आला ते आम्ही विचारत नाही.

९. यंदा दहावी आहे. वर्ग बंद करू का?

आठवड्याचे तीन तास आहेत. रविवारी सकाळी ते तीन तास अभ्यासातच जातील याची खात्री असेल तर बंद करा. बहुतेक घरांत ते मोबाइलमध्ये जातात. आमचा सल्ला: डिसेंबरपर्यंत या, जानेवारीपासून सुटी घ्या, पेपर संपल्यावर पहिल्या रविवारी परत या. जागा राखून ठेवतो. क्लासचा जादा तास रविवारी असेल तर उशिरा या किंवा लवकर जा. हजेरीपटच नाही.

१०. मुलगी १५ वर्षांची आहे. तिथे कोण असतं? सुरक्षित आहे का?

हा प्रश्न विचारलाच पाहिजे, अवघडून जाऊ नका. हॉलचं दार पूर्ण वेळ उघडं असतं. शिकवणाऱ्यांत किमान एक बाई असल्याशिवाय वर्ग सुरू होत नाही. तसं झालं तर तो रविवार रद्द करतो. शिकवणारं कोणीही एकट्या मुलाला किंवा मुलीला स्वतंत्र खोलीत, घरी किंवा ‘खास सरावाला’ बोलवत नाही. मुलांना खासगी मेसेज करत नाही, निरोप पालकांच्या गटावर जातो. बाहेर स्केचिंगला जाताना दोन पालक सोबत असतात. तुम्ही कधीही, न सांगता, वर येऊन बसू शकता. नवीन शिकवणाऱ्याला पहिले तीन महिने जुन्या कोणाच्या तरी सोबतच उभं राहावं लागतं. यातला एक जरी नियम मोडलेला दिसला तर आम्हाला सांगा. आमच्याबद्दलच तक्रार असेल तर चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक दारावर लिहिलेला आहे.

११. यूट्यूबवर सगळं आहे. वर्गाला कशाला यायचं? टॅबवर काढलं तर चालतं का?

व्हिडिओ बघून मुलं खूप शिकतात, ते चांगलंच आहे. पण व्हिडिओतला हात तुमचा कागद बघू शकत नाही. तुमचं लंबवर्तुळ डावीकडे कललं आहे हे शेजारी उभं असलेलं माणूसच सांगतं.

टॅब चालतो, पण पहिले सहा महिने नाही. त्यावर मागे जायचं बटण असतं. कागदावर चुकलेली रेघ दिसत राहते आणि पुढची रेघ तिच्या आधाराने सुधारते. सहा महिन्यांनंतर ज्याला डिजिटल करायचं आहे त्याने खुशाल करावं.

१२. आमचा कुंभारवाडा. आषाढापासून गणपतीपर्यंत मुलगा कारखान्यात असतो, रविवारीसुद्धा. मग काय?

त्याचे तीन महिने बुडत नाहीत, तो दुसऱ्या शाळेत असतो. शाहूपुरी कुंभार गल्ली, गंगावेश, बापट कॅम्प इथून आलेली मुलं आमच्यापेक्षा घडण जास्त जाणतात. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा हात म्हणजे काय, ते मी स्वतः त्यांच्या घरच्यांकडून शिकलो. एका श्वासात, ब्रश न उचलता ओढलेली पापणीची रेघ आम्हा चौघांपैकी कोणालाही तशी जमत नाही.

त्याला एक वही देऊन ठेवतो. रोज रात्री पाच मिनिटं, कारखान्यातलं काहीही: मांडणीवर ओळीने वाळत ठेवलेल्या मूर्ती, शाडू मळणारे हात, रंगाचे डबे. विसर्जनानंतर ती वही घेऊन यायचं. मात्र सप्टेंबरमधल्या परीक्षेच्या तारखा आणि गणपती जवळ येतात. ग्रेड परीक्षा द्यायची असेल तर मे महिन्यातच बोला, तयारी उन्हाळ्यात करून घेऊ.

१३. माझ्या मुलाला लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नाही. त्याला चित्रकला जमेल का?

जमेल. हा दोष मुलग्यांत जास्त आढळतो, कारण तो आईकडून येणाऱ्या एक्स गुणसूत्रातून येतो आणि मुलग्याकडे दुसरं एक्स नसतं. बरेचदा घरच्यांना पत्ताच नसतो, आणि मूल ‘झाडाला तपकिरी रंग दिला’ म्हणून शाळेत बोलणी खातं. चित्रकलेच्या तासाची नावड तिथून सुरू होते. तुम्हाला शंका असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, ठिपक्यांच्या आकड्यांची साधी चाचणी असते.

वर्गात त्याच्या बाटल्यांवर रंगाचं नाव ठळक लिहितो आणि प्लेटमध्ये रंगांचा क्रम कायम तोच ठेवतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उजेड-अंधारावर जोर देतो. कोळशाने, पेन्सिलीने, एकाच रंगाच्या गडद-फिकट टप्प्यांत चित्र पूर्ण उभं राहतं. रंगात हरवणाऱ्या मुलांपेक्षा अशी मुलं सावली अचूक पकडतात, हा माझा अनुभव आहे. शाळेच्या कलाशिक्षकांनाही आधी सांगून ठेवा.

१४. आमच्या घरी माणसांची, देवांची चित्रं काढत नाहीत. मुलीला पाठवू का?

जरूर पाठवा. घरचा नियम तिने पहिल्या दिवशी सांगितला की पुन्हा कोणी विचारणार नाही. वस्तू, झाडं, इमारती, भूमितीची नक्षी, सुलेखन यांतच कितीतरी वर्षांचं काम आहे. देवांची चित्रं आम्ही कोणालाच विषय म्हणून देत नाही. ज्याला काढायची त्याने आपणहून काढावीत. डबा खाताना कोणी कोणाला काही विचारत नाही, हाही नियमच समजा.

१५. वारली शिकवता का? सगळीकडे तेच दिसतं.

शिकवत नाही, दाखवतो. कोपऱ्यात त्रिकोणी माणसं काढली की वारली झाली, असं मुलांना वाटतं. पालघर-डहाणूकडच्या वारली घरांत लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं चौकोनी चित्र, सवाशिणी काढतात, गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, आणि मध्ये पालघट देवी, त्यांची मातृदेवता, असते. जिव्या सोमा मशे यांनी ती रेषा कागदावर आणि जगापुढे नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. हे समजून घेऊन कोणाला त्या रेषेचा अभ्यास करायचा असेल तर पुस्तकं कपाटात आहेत. फुलदाण्यांवर छापायचा नमुना म्हणून मात्र आम्ही ती देत नाही.

१६. दहावी-बारावीनंतर कलेकडे जायचं असेल तर वाट कोणती?

दहावीनंतर एक वर्षाचा फाउंडेशन अभ्यासक्रम काही कला महाविद्यालयांत असतो. बारावीनंतर, शाखा कोणतीही असो, चार वर्षांची बीएफए, म्हणजे ललित कलेची पदवी. राज्यातल्या प्रवेशासाठी एमएएच-एएसी सीईटी ही परीक्षा असते: वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान. प्रश्न ६ मधला अभ्यास इथे सरळ कामी येतो. मुंबईचं सर ज. जी. १८५७ पासून आहे. घर सोडणं शक्य नसेल तर कोल्हापुरात कलानिकेतन आणि दळवीज या जुन्या संस्था आहेत. फीची रचना संस्थेगणिक फार वेगळी असते. फॉर्म भरण्याआधी शिष्यवृत्ती आणि वसतिगृह या दोन्हींची चौकशी करा, आमच्यातलं कोणीतरी सोबत येईल.

लहान भावंड असेल तर एक लक्षात ठेवा: दिल्लीच्या सीसीआरटी या केंद्र सरकारच्या संस्थेची सांस्कृतिक प्रतिभा शिष्यवृत्ती १० ते १४ वयासाठी आहे. आमच्याकडे येईपर्यंत अनेकांचं वय निघून गेलेलं असतं.

१७. यावर पोट भरतं का?

खरं सांगायचं तर नुसती चित्रं विकून थोड्यांचंच भरतं. पण चित्राचा हात असलेल्या माणसाला आपल्या भागात काम आहे. हुपरीच्या चांदीच्या दागिन्यांचे नमुने कोणीतरी काढतं. इचलकरंजीच्या कापडावरची नक्षी, कोल्हापुरी चपलेच्या पट्ट्यांवरची वीण, लग्नाच्या स्टेजची सजावट, ॲनिमेशन, पुस्तकांची मुखपृष्ठं, शाळेतली नोकरी. फ्लेक्स आल्यावर आमच्या साइन पेंटरचं निम्मं काम गेलं, हे तो मुलांना स्वतः सांगतो. दुकानदार आता पुन्हा हाताने रंगवलेल्या पाट्या मागायला लागलेत, हेही सांगतो. आम्ही दोन्ही ऐकवतो.

बाबूराव पेंटर कुठल्याही कलाशाळेत गेले नव्हते. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता ते सिनेमाकडे वळले, स्वतः कॅमेरा बनवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट आणला. ते शंभरातले एक होते, बाकी नव्याण्णवांना शिक्षण लागतं, म्हणून प्रश्न १६ आधी वाचा. पण कोल्हापुरात ‘पेंटर’ हे आडनावासारखं मानाने लावलं गेलं, हे मुलांना माहीत असावं.

१८. पावसाळ्यात वर्ग असतो का?

असतो. फक्त पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशारा पातळीवर गेली की बंद. हॉल उंचावर आहे, पण नदीकाठची मुलं घर सोडून येऊ शकत नाहीत आणि त्यांच्याशिवाय वर्ग भरवायचा नाही, असं ठरलेलं आहे. गणपतीचे दोन रविवार आणि दिवाळीचा एक, एवढ्या ठरलेल्या सुट्या.

१९. चित्रं कोणाची? तुम्ही ती कुठे टाकता का, विकता का?

काढणाऱ्याची. कायद्यानेही चित्राचा हक्क काढणाऱ्याचाच असतो, तो लहान असला तरी. वर्षाच्या शेवटी हॉलमध्ये दोऱ्यांना चिमटे लावून सगळ्यांची चित्रं टांगतो, प्रत्येकाचं एक, ते त्याने स्वतः निवडलेलं. बक्षीस नाही, क्रमांक नाही. कोणाला चित्र विकत हवं असेल तर मुलाशी आणि पालकांशी थेट बोलावं, आम्ही मध्ये नसतो. चेहऱ्याचे फोटो आम्ही कुठेच टाकत नाही. चित्राचा फोटो टाकायचा झाला तर मुलाला आणि पालकांना दोघांनाही विचारतो.

२०. आमच्या गावात असा वर्ग काढायचा आहे. किती पैसे लागतील?

पैशाआधी तीन गोष्टी लागतात: दर आठवड्याला उघडणारं एक दार, चांगला उजेड, आणि वर्षभर एकही रविवार न चुकवणारी दोन माणसं. मंदिराचा सभामंडप, शाळेची खोली, वाचनालय काहीही चालतं. उत्तरेकडची खिडकी मिळाली तर उत्तम, कारण दिवसभर सावल्या फारशा हलत नाहीत.

जागा कोणाची आहे ते नीट बघा. एका ठिकाणी आमच्या ओळखीच्या गटाला निवडणुकीच्या आधी मोठा हॉल मिळाला आणि निकालानंतर कुलूप लागलं. लहान पण कायमची जागा बरी.

टेबल-खुर्च्या नकोत, सतरंजी आणि प्लायचे तुकडे पुरेत. जाहिरातीपेक्षा आठवी-नववीच्या वर्गात जाऊन पाच मिनिटं समोर काहीतरी काढून दाखवा. पहिल्या रविवारी दोनच मुलं आली तरी पूर्ण तीन तास थांबा. आमच्याकडे पहिल्यांदा तिघं आली होती, त्यातलं एक शेजारच्या क्लासचं होतं, चुकून जिना चढलेलं. सुरक्षेचे नियम (प्रश्न १०) पहिल्या दिवसापासून लावा, मागाहून लावले की कोणावर तरी संशय घेतल्यासारखं वाटतं. आणि फीबद्दल मोह झाला तर प्रश्न १ पुन्हा वाचा. आमचे विषयांचे कागद न्यायला या, झेरॉक्स काढून देतो.

२१. मुलगा येतो, पण चित्र काढतच नाही. नुसता बसून राहतो. काढून टाकणार का?

नाही. बसू दे. त्याच्यासमोर कागद आणि पेन्सिल असते, कोणी आग्रह करत नाही. काही मुलांना आठवडाभरात शांत बसायला मिळणारी ही एकच जागा असते. दुसऱ्यांना त्रास दिला तरच बोलतो. घरी गेल्यावर ‘आज काय काढलंस, दाखव’ म्हणून मागे लागू नका. फार दिवस अगदी गप्प असेल, खातपित नसेल तर मात्र आम्ही तुम्हाला फोन करू. तो विषय चित्राचा नसतो.

२२. मला १९ पूर्ण झाली. आता यायचं नाही का?

विद्यार्थी म्हणून नाही, नवीन मुलांना जागा लागते. पण पावणेनऊला या. सतरंज्या घालायच्या असतात, बोर्डांना क्लिपा लावायच्या असतात, पाच रंगांच्या बाटल्या भरायच्या असतात आणि नव्याने आलेल्यांच्या पेन्सिलींना ब्लेडने लांब टोक काढून द्यायचं असतं. बाराला झाडलोट झाली की हॉल अर्धा तास मोकळाच असतो. त्यात तुमचा कागद घेऊन बसा.